बेल नसलेली केबिन

आमची नात मैत्री केंब्रिजला झाडांच्या मुळांचा अभ्यास करते. मुळं बघायला एवढं मोठं कॉलेज लागतं हे मला या वयात कळलं. आमच्या गावात कुदळीने भागायचं. तर ही मैत्री गेल्या शनिवारी एजवेअरला आमच्याकडे आली, सेटीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि लॅपटॉप माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजोबा, हा बघा. ऑगस्टमध्ये आपण सगळे जायचं. किती नाइस तळी आहे!" मी म्हटलं, "तळं." ती म्हणाली, "तेच ते. आणि केबिन पण मोठा आहे." मी चष्मा लावला. फोटोत झाडं होती, आणि ती काठावर नव्हती, थेट पाण्यात उभी होती. बुंधे खाली घागरीसारखे फुगलेले, आणि भोवती पाण्यातून लाकडाचे खुंट वर आलेले, जशी काही पाण्याखाली बरीच माणसं उताणी झोपलीत आणि त्यांनी गुडघे तेवढे बाहेर काढलेत. "स्वॉम्प सायप्रस," मैत्री सांगायला लागली, "ही मूळची अमेरिकेतली. इकडे जुन्या इस्टेटींच्या तळ्यांवर हौसेने लावलेली असतात." मी म्हटलं, "त्या खुंटांना गुडघे म्हणतात." ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" मी तिला उलट विचारलं, "ते कशासाठी येतात, ते सांग." ती म्हणाली, "ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही." मग मी समाधानाने चष्मा काढून ठेवला. केंब्रिजला माहीत नाही म्हटल्यावर शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

ते गुडघे मी कुठे पाहिले हे तिला सांगायचं होतं, पण तिची ट्रेन होती आणि गोष्ट लांब आहे. म्हणून लिहून ठेवतो. माझं अक्षर अजून चांगलं आहे. आता लोकांना वाटेल म्हातारा बढाई मारतो. मारतो. पण या गोष्टीत सगळा घोळ त्या अक्षरानेच केला, तेव्हा त्याचं नाव आधी निघालेलं बरं.

तेव्हा आम्ही ईलिंगला राहायचो, एका लॉन्ड्रेटच्या वर. खाली दिवसभर कपडे धुवायच्या मशिनी फिरायच्या आणि आमच्या जमिनीला बारीक थरथर सुटायची. हिवाळ्यात त्या फरशीवर बसलं की बूड गरम राहायचं. आई भाकरी थापायची तेव्हा खालच्या मशिनीचा आणि तिच्या हाताचा ताल कधीकधी एक व्हायचा आणि माझी धाकटी बहीण सुजाता त्यावर नाचायची. दादा, म्हणजे आमचे वडील, ब्रेडच्या फॅक्टरीत होते. ते आधी विलायतेत आले आणि मग आम्हाला बोलावून घेतलं. सुजाता आली तेव्हा एवढीशी होती, त्यामुळे ती इकडचीच झाली. मी आलो तो अर्धवट वाढलेला. मला शाळेत घातलं, पण शाळेने मला घेतलं नाही. दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून बसगाड्या मोजल्या आणि सोळाव्या वर्षी दादांच्याच फॅक्टरीत ट्रे धुवायला लागलो. त्याची मला तेव्हा लाज नव्हती आणि आता तर अजिबात नाही.

त्या घराचं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे दाराची बेल. दार खाली रस्त्यावर, आम्ही वर, मध्ये एकोणीस पायऱ्या. बेल अशी कर्कश की वाजली की खालच्या धुणाऱ्या बायकासुद्धा मान वर करायच्या. आणि ती सारखी वाजायची. आपल्या समाजाचा कोणी पोरगा नवा आला, कोणाचं काम सुटलं, कोणाचं कौन्सिलचं पत्र वाचायचंय, सगळ्यांच्या खिशात एकच पत्ता असायचा. दादा समाजाच्या मंडळाचे सचिव होते. दर रविवारी एक हॉल मिळायचा, तिथे वंदना व्हायची आणि वंदनेनंतर निम्मं मंडळ आमच्याकडे जेवायला. दादांचं ठरलेलं वाक्य होतं: "आपल्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही." वाक्य दादांचं, रस्सा आईचा. पंधरा-वीस माणसांच्या भाकरी ती एकटी करायची. बेल वाजली की हातावर पीठ तसंच घेऊन एकोणीस पायऱ्या खाली, एकोणीस वर. इंग्रज लोक जिम लावतात म्हणे.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती ठरायची नाही. तिचा ठराव व्हायचा. दादांना मंडळाची एवढी सवय की घरचीही सभा घ्यायचे. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्यासमोर मेणबत्ती, आणि खाली किचनच्या टेबलाशी आम्ही चौघं. अध्यक्ष दादा, सचिव दादा. सूचक बहुतेक वेळा दादाच. अनुमोदन सुजाताचं, कारण तिला तो शब्द फार आवडायचा. "मी अनुमोडन देते!" असं ती ठराव काय आहे हे कळायच्या आत ओरडायची. मी लिहायचो. कारण मंडळात बीए झालेले होते, पण मराठी अक्षर मोत्यासारखं एकट्या माझं. आई सभेत कधी बोलायची नाही. "चहा घेता का?" एवढंच तिचं भाषण.

त्या उन्हाळ्यात दादांचा फोरमन रॉन एक फोटो घेऊन आला. त्याचा मेहुणा कुठल्याशा इस्टेटीवर राखणदार होता. तिथे तळं होतं, तळ्यावर मासे धरणाऱ्यांसाठी बांधलेली जुनी लाकडी केबिन होती, आणि ऑगस्टमधले चार दिवस ती मोकळी होती. रॉन म्हणाला, "तू इतकी वर्षं सुट्टीत पण ओव्हरटाइम करतोस, एकदा पोरांना घेऊन जा." दादांनी तो फोटो रविवारच्या सभेत ठेवला. आम्ही कधी हॉलिडेला गेलो नव्हतो. हॉलिडे म्हणजे काय करायचं असतं हेही नीट माहीत नव्हतं. दादांनी विषय मांडला, सुजाताने अनुमोदन दिलं, आणि मग आईने पोळपाटावरचे हात पदराला पुसून फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"तळं कोणाचं?" तिने विचारलं.

"मालकाचं," दादा म्हणाले. "पण केबिन घेतली की आपल्याला उतरता येतं."

"उतरता येतं?"

"हो. पोहायला, काय पाहिजे ते."

"कोणी काही म्हणत नाही?"

"अगं, रॉनने विचारलंय. कोण काय म्हणणार?"

मला वाटलं, आईला बुडायची भीती वाटते. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "दाराला बेल आहे का?" दादा हसले. "जंगलातल्या खोपटाला कसली बेल?" आणि तेव्हा आमच्या आईने आयुष्यातला पहिला ठराव मांडला. "तिथं आपल्याशिवाय कोणी यायचं नाही. चार दिवस. मी चारच ताटं घेणार." सुजाता अनुमोदन द्यायला खुर्चीवरच चढली. दादा जरा गडबडले. "आणि चुकून कोणी आलं तर?" आई म्हणाली, "येणार नाही. ठराव झालाय. मिलिंद, लिही." मी लिहिलं. एकमताने मंजूर, असंही लिहिलं, कारण दादांनी हात वर केला नव्हता तरी खालीही ठेवला नव्हता.

मग तयारी सुरू झाली. आता मैत्री तयारी करते ती फोनवर, बोटाने. एक ग्रुप काढलाय, त्यात दिवसभर टिंगटिंग चालू. कोण ग्लुटेन खात नाही, कोणाला खालची बंक लागते. आमची तयारी तोंडाने चालायची. दादांना फोल्डिंगच्या सहा खुर्च्या न्यायच्या होत्या. आई म्हणाली, "चार." दादांना निळ्या कोटातला फोटो न्यायचा होता. तो आईने स्वतःच टॉवेलमध्ये गुंडाळला. सुजाताने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि त्यात बघून सांगितलं की या झाडांना पाण्याच्या वर गुडघे येतात. आम्ही कोणी विश्वास ठेवला नाही. "झाडाला गुडघे असते तर ते इथं कशाला थांबलं असतं, चालत घरी गेलं असतं," दादा म्हणाले. आईने भाजणी भाजली, शेंगदाण्याची चटणी कुटली, सुकट भाजून डब्यात भरली. सुकटीचा वास खालच्या लॉन्ड्रेटमध्ये उतरला आणि तिथल्या मॅनेजरबाई वर बघायला आल्या की काही मेलंय का. आणि खिडकीत, डब्यांच्या शेजारी, आईने स्टीलची चार ताटं एकावर एक घालून ठेवली. जाता-येता ती त्यांच्याकडे बघायची. मी तिला त्या दिवसांत गुणगुणताना ऐकलं. त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता घोळाकडे येतो. आम्ही जाणार त्या रविवारी हॉलवर वंदना घ्यायला दादा नसणार, तेव्हा बोर्डावर तशी नोटीस लावणं भाग होतं. दादांना त्या आठवड्यात डबल शिफ्ट होती. बूट घालताघालता ते म्हणाले, "मिलिंद, दोन ओळी लिही. सचिव सहकुटुंब परगावी जात असल्यामुळे रविवारी हॉलवर वंदना होणार नाही. एवढंच." मी कागद घेतला आणि मला त्या दोन ओळींची कीव आली. एवढं अक्षर आणि दोन ओळी? मी तोवर मंडळाच्या पन्नासेक नोटिसा लिहिल्या असतील. नोटिशीला एक अंग असतं. वर ठळक मथळा, मग स्थळ, मग जायचं कसं, मग शेवट. मी निळ्या शाईने चौकट काढली. 'सर्वांस कळविण्यास आनंद होतो की' अशी सुरुवात केली. रविवारी हॉलवर वंदना होणार नाही, हे दादांचं वाक्य घातलं. कुठे जाणार, तर तळ्याचा पत्ता घातला, आणि जागा उरली म्हणून कुठली ट्रेन, कुठली बस हेही घातलं. कोपऱ्यात गुडघ्यांसकट एक झाड काढलं. आणि मग हात आपोआप चालत राहिला, जसा पन्नास वेळा चालला होता: 'तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य उपस्थित राहावे. भोजनाची व्यवस्था केली आहे.'

दादा जिन्यातून ओरडले, "दाखव एकदा." मी म्हटलं, "माझ्या लिहिण्यावर भरवसा नाही का?" ते म्हणाले, "बरं बाबा, तू लाव." मी नेऊन लावली. बोर्डासमोर दोन पावलं मागे होऊन पाहिलीसुद्धा. इतकी देखणी नोटीस त्या बोर्डावर पुन्हा लागली नाही.

जायच्या आधीच्या बुधवारी बेल वाजली आणि पगारेमावशी वर आल्या. एकोणीस पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती, पण आनंदाने. "वहिनी, काय कल्पना काढलीत! तळ्याकाठी वंदना! मी म्हटलं मोठं पातेलं आमचं घेऊ, तुम्ही फक्त तांदळाचं बघा." आईने गॅस बारीक केला. "किती जण येताय?" मावशी म्हणाल्या, "आठही घरं. नोटिशीत सगळे म्हटलंय ना? भोजनाची व्यवस्था आहे असं पण लिहिलंय, पण तुमच्या एकटीवर कसं टाकायचं, म्हणून आपलं विचारायला आले."

आईने दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझं अक्षर ओळखत होते आणि माझी मानही ओळखत होते, ती कशी ताठ झालीय ते. मग ते आईला म्हणाले, "माझ्याकडून राहिलं असेल सांगायचं." एवढंच. मावशी गेल्यावर मी म्हटलं, "दुसरी नोटीस लावू." दादा म्हणाले, "'या' म्हटलेल्या माणसाला येऊ नका म्हणणारी नोटीस मी अजून पाहिली नाही." खिडकीतली चार ताटं आईने उचलून कपाटापाशी नेली आणि आतून बाकीची ताटं काढायला लागली. एकावर एक. मी मोजली नाहीत, पण ऐकली. स्टीलच्या ताटाचा तो आवाज मला आजही आवडत नाही. इथे सुनेने काचेची ताटं आणली तेव्हा मी एकट्यानेच पाठिंबा दिला, आणि तिला वाटलं सासरे मॉडर्न आहेत.

मी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. शाळेत हेडमास्तरने सॉरी म्हणायला सांगितलं होतं, तर मी तीन दिवस वर्गाबाहेर उभा राहिलो होतो. पण गुरुवारी शिफ्ट संपल्यावर मी सायकल काढली. पहिलं घर पगारेमावशींचं. तिथे गेलो तर त्यांनी शिरा पुढे ठेवला. आता ज्याचा शिरा खातोय त्याला तोंडावर येऊ नका कसं म्हणायचं? आधी खाऊन घेतलं. मग म्हटलं, "मावशी, नोटीस मी चुकीची लिहिली. तुम्ही येऊ नका. आईला कोणी नको आहे. म्हणजे तुम्ही नको असं नाही. कोणीच नको." मावशी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "अगंबाई! हे पोर न येण्याचं आमंत्रण घेऊन आलंय!" त्यांनी शेजारच्या खोलीतल्या सासऱ्यांना हाक मारली. ते म्हातारे गंभीरपणे बाहेर आले आणि विचारलं, "मग न यायचं किती वाजता?" मी कान लाल करून उभा. मी निघताना मावशी दारापर्यंत आल्या. "तुझ्या आईला म्हणावं, आम्हाला आधीच कळायला पाहिजे होतं," असं म्हणाल्या.

दुसऱ्या घरी भजी. तिसऱ्या घरी चहा आणि वर "सचिवांचा मुलगा आणि अशी नोटीस?" चौथ्या घरच्या पोरांनी आधीच पोहायचे आर्मबँड फुगवून ठेवले होते, त्यांनी भोकाड पसरलं. सातव्या घरी पोचलो तेव्हा माझ्या पोटात माफीला जागा उरली नव्हती, पण तिथेही मागितली. तोवर मला एक कळलं होतं, की पहिली माफी घशात अडकते आणि नंतरच्या भज्यांबरोबर खाली जातात.

राहिलं आठवं घर, साळवेकाकांचं. साळवेकाका बीए. मंडळात मी काहीही लिहिलं की चष्म्यावरून बघून म्हणायचे, "अक्षर छान आहे रे. मजकूर कोणाकडून तरी लिहून घेत जा." सगळ्यांसमोर. मी त्यांच्या फाटकाशी सायकल टेकवली. खिडकीत काका दिसले, पेपर वाचत. मी पाच मिनिटं उभा राहिलो. मग सायकल वळवली आणि घरी आलो. मनाशी म्हटलं, हा माणूस कशाला येतोय एवढ्या लांब?

आईला म्हटलं, "नोटीस मी लिहिली होती. दादांची चूक नाही. सगळ्यांना सांगून आलोय, कोणी येणार नाही." ती माझ्याकडे बघत होती. "सगळ्यांना?" "सगळ्यांना." तिने माझ्या शर्टावरची भज्याची चुरी झटकली आणि जादाची ताटं कपाटात परत ठेवली. चार बाहेर राहिली. मला झोप छान लागली, हे कबूल करायला पाहिजे. खोटं बोलून झोप लागत नाही म्हणतात, पण सात घरांचं खाल्लेलं असलं की लागते.

शनिवारी संध्याकाळी पोचलो. एक ट्रेन, एक बस, आणि मग खुर्च्या काखेत मारून मैलभर चाल. केबिन म्हणजे लाकडाचं खोकं, आत तारपीन आणि माशांचा वास. आई पहिल्यांदा दाराशी गेली. चौकटीवरून दोन्हीकडे हात फिरवून पाहिला. खरंच बेल नव्हती. आणि समोर ती झाडं, पाण्यात उभी, सुजाता ओरडत होती, "बघा! गुडघे! मी म्हटली होती!" दादांनी सभेतर्फे दिलगिरी व्यक्त केली.

सकाळी मला जाग आली तेव्हा दादा आणि सुजाता शेतावरून दूध आणायला गेले होते. मी पायरीवर येऊन बसलो. पाण्यावर धुकं होतं. आणि धुक्यात आई होती. नेहमीच्या वापरातली सुती साडी, पदर खोचलेला, घोट्यापर्यंत पाण्यात. ती थांबली आणि तिने मागे वळून केबिनकडे नाही, वरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग डावीकडे. मग उजवीकडे. असं बघायची तिला सवय होती हे मला तोवर कळलंच नव्हतं. तिच्या माहेरच्या गावात तळं होतं, पायऱ्यांचं, दगडी. ती लहान असताना आपल्या लोकांनी त्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नसे. घागर घेऊन बाजूला बसायचं आणि कोणी वरून ओतलं तर ओतलं. एकदा ती उतरली होती, एकच पायरी, आणि तिला दगड मारून हाकललं होतं. हे मी दादांकडून एकदाच ऐकलं होतं आणि विसरलोही होतो. पोहायला येत नसलेली बाई फोटोकडे एवढा वेळ का बघत होती, ते मला केबिनच्या पायरीवर बसल्यावर कळलं. कोणी बघायला नको होतं तिला. आपलंसुद्धा कोणी.

ती पुढे गेली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. एका झाडाच्या गुडघ्याला तिने हाताने धरलं, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाणी प्यायली.

तेवढ्यात वर खडीवर गाडीचा आवाज आला.

मी अनवाणी धावलो. फाटकाशी साळवेकाकांची क्रीम रंगाची गाडी, शेजारी काकू, मागच्या सीटवर झाकण बांधलेलं पातेलं. काका काच खाली करून म्हणाले, "काय रे, वंदनेची वेळ लिहायची राहिली होती तुझ्या नोटिशीत. आणि बाकीचे कुठे?"

मी म्हटलं, "कोणी येणार नाही. मी सगळ्यांना जाऊन सांगितलं, येऊ नका म्हणून."

"सगळ्यांना?"

"तुम्हाला सोडून."

"आमचंच घर बरं राहिलं?"

"तुम्ही हसला असतात," मी म्हटलं. "चुकलं माझं, काका." ही आठवी माफी. ही भज्याशिवाय होती.

काका हसले नाहीत. ते माझ्या खांद्यावरून खाली बघत होते. तिथून तळं दिसत होतं. आता हे काय बोलतात, म्हणून मी वाट बघत उभा. त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. खाली उतरले, तळ्याकडे पाठ केली आणि गाडीला टेकून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. "अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं. "तूही इकडेच बघ," ते म्हणाले. मग मागचं दार उघडून पातेलं माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. आणि वहिनींना घाई करू नकोस. आम्ही निघतो सावकाश."

मी पातेलं पायरीवर आणून ठेवलं. आई आली तेव्हा साडीतून पाणी गळत होतं आणि दात वाजत होते. ती दिसायला मात्र सुजाताच्या वयाची दिसत होती. "कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

तिने पातेल्याकडे पाहिलं. आपल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं, हे मी विसरलोच होतो. दादांच्या रविवारच्या वर्गात ती नुकती वाचायला शिकली होती. ओल्या बोटाने एकेक अक्षर धरत तिने वाचलं, "सा-ळ-वे." मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान त्या दिवशी ताठ नव्हती.

"गेले कुठे ते?"

"जातो म्हणाले. तुला... ठराव होता ना."

आईने केस पिळले. "माझं झालं," ती म्हणाली. "आता कोणी येऊ दे. जा, बोलाव त्यांना."

मी पुन्हा धावलो. गाडी हललीही नव्हती. काका आणि काकू दोघं तळ्याकडे पाठ करून तसेच उभे होते, जसे कोणी पहाऱ्यावर उभे असतात. मी म्हटलं, "आई बोलावते." काकांनी वळायच्या आधी विचारलं, "नक्की? की हीसुद्धा तुझीच नोटीस?"

त्या दिवशी आम्ही सहा जण आणि ताटं चार. काकूंना आईने आपलं दिलं आणि स्वतः चटणीच्या डब्याच्या झाकणात वाढून घेतलं. काकांनी तर ताट हातातही धरलं नाही. आपल्या पातेल्याचं झाकण उलटं केलं, त्यात रस्सा ओतून घेतला, आणि झाडाच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "मजकूर बरा होता रे तुझा या वेळी." असं त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

काल मैत्रीचा फोन आला. मी विचारलं, त्या केबिनला बेल आहे का? ती म्हणाली, "आहे की, व्हिडिओवाला. कोण आलं ते फोनवर दिसतं." म्हणजे आता बेल खिशात घेऊन फिरायची. प्रगती आहे. मग ती म्हणाली, "आजोबा, किचनमध्ये काय काय लागेल? तुम्ही लिस्ट लिहून द्या ना, ग्रुपवर टाकते." मी म्हटलं, ग्रुपवर मी काही लिहिणार नाही, माझं लिहिलेलं वाचून लोक येतात. पण तू तुझं लिहून घे: ताटं मोजून घे, आणि झाकणं जास्त घे.